रक्ताचा कॅन्सर असताना हाडं कशी सांभाळायची

आमच्या मधल्या दाराच्या चौकटीवर पेन्सिलीच्या रेघा आहेत. डाव्या बाजूला माझ्या मुलाची उंची, दर वाढदिवसाला एक. उजव्या बाजूला अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची. अण्णांना मल्टिपल मायलोमा हा रक्ताचा कॅन्सर असल्याचं कळलं त्याच आठवड्यात नातवाच्या हट्टापायी पहिली रेघ ओढली होती. सात महिन्यांनी त्यानंच आजोबांना पुन्हा चौकटीला उभं केलं, डोक्यावर पट्टी धरली, आणि रेघ पहिलीच्या तीन सेंटिमीटर खाली आली. अण्णा म्हणाले, "गुडघं वाकलं आसतील." दुसऱ्या दिवशी एक्स-रे काढला. पाठीचा एक मणका चेपला होता. केमो चालू होती, रक्ताचे रिपोर्ट सुधारत होते, सगळे समाधानी होते, आणि हाडांकडे आमच्यापैकी कुणाचंच लक्ष नव्हतं.

याला आता सहा वर्षं झाली. कोरेगाव तालुक्यातल्या आमच्या गावापासून सातारा, कराड, मिरज आणि परळच्या टाटा हॉस्पिटलच्या वाऱ्या करताना ओपीडीबाहेरच्या बाकांवर अशीच बरीच घरं भेटली. प्रत्येकाच्या फाइलमध्ये रक्ताचे आकडे नीट लावलेले, पण हाडांबद्दल एक कागद नाही. रक्ताचा कॅन्सर वर्षानुवर्षं सोबत राहणार असेल, तर हाडं हा दुसराच आजार समजून त्याची वेगळी तपासणी, वेगळं वेळापत्रक आणि वेगळी वही ठेवावी लागते. ते कसं करायचं हे क्रमानं लिहितो. औषधांचे डोस दिलेत ते तुम्हाला स्वतःची चिठ्ठी वाचता यावी म्हणून. काय घ्यायचं, किती घ्यायचं हे तुमचे डॉक्टरच ठरवतील.

पहिलं काम: आपला कॅन्सर हाडाला काय करतो ते विचारा

हाड ही जिवंत वस्तू आहे. जुन्या मातीच्या घराची भिंत आठवा. पोपडे निघायचे, तिथं नवं लिंपण बसायचं. हाडातही एका जातीच्या पेशी जुनं हाड खरवडतात आणि दुसऱ्या जातीच्या तिथं नवं भरतात. मायलोमात बोनमॅरोमधल्या, म्हणजे हाडाच्या आत रक्त तयार करणाऱ्या गाभ्यातल्या, बिघडलेल्या प्लाझ्मा पेशी खरवडणाऱ्यांना चेतवतात आणि लिंपणाऱ्यांना दाबून ठेवतात. म्हणून हाडाला भोकं पडतात आणि ती आपोआप भरून येत नाहीत. मणके, बरगड्या, कंबरेचं हाड, कवटी, मांडीच्या आणि दंडाच्या हाडाचं वरचं टोक या नेहमीच्या जागा. निदान होतं तेव्हाच दहातल्या साधारण आठ रुग्णांच्या हाडांत हे नुकसान झालेलं असतं.

बाकीच्या कॅन्सरची तऱ्हा वेगळी. सीएलएल या संथ वाढणाऱ्या ल्युकेमियात पुष्कळदा काही वर्षं नुसतं लक्ष ठेवतात, औषध नसतं. तरी वय, ड जीवनसत्त्वाची कमतरता आणि मध्येच लागणारे स्टेरॉइड यांमुळे हाड मोडायचा धोका वाढलेला असतो. सीएमएल या दुसऱ्या जातीच्या ल्युकेमियाच्या इमॅटिनिब गोळीनं पोटऱ्यांत गोळे येतात, हाडं-सांधे दुखतात आणि रक्तातलं फॉस्फरस उतरू शकतं. हेच औषध लहान मुलाला चालू असेल तर त्याची उंची नियमित मोजा, वाढ मंदावू शकते. डॉक्टरांनी बरीच वर्षं रिपोर्ट चांगले बघून गोळी थांबवली तर काही जणांना पुढच्या काही आठवड्यांत अंग आणि सांधे दुखायला लागतात. एवढ्यावरून आजार उलटला असं समजून घाबरू नका, पण कळवा. लिम्फोमात, म्हणजे लसिकाग्रंथींच्या कॅन्सरमध्ये, केमोच्या प्रत्येक सायकलला पाच दिवस १०० मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड देण्याची पद्धत रूढ आहे, तिचा हिशेब हाडांच्या खात्यावर लिहायचा. मायलोफायब्रोसिसमध्ये बोनमॅरो तंतूंनी भरत जातो, तेव्हाही हाडं ठणकतात. रक्त घट्ट होण्याच्या आजारात युरिक अ‍ॅसिड वाढून पायाचा अंगठा लालबुंद सुजू शकतो.

स्टेरॉइडचं मात्र सगळ्यांनी लक्षात ठेवा. मायलोमात आठवड्याला ४० मिलिग्रॅम डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड, वयस्करांना बहुधा २०, असं असतं. स्टेरॉइडनं हाडाची झीज पहिल्या तीन ते सहा महिन्यांत सर्वांत वेगानं होते. त्यामुळे "आधी केमो होऊ दे, हाडांचं मग बघू" हे चालत नाही.

दुसरं काम: दुखणं ओळखायला शिका

अण्णांची पाठ पहिल्यांदा दुखली ती आल्याच्या सऱ्या ओढताना. "काय न्हाय, उसण भरलीया," असं म्हणून ते गप्प बसले. आईनं शेकलं. मग गल्लीतल्या पायाळू वहिनींना बोलावलं आणि त्यांनी अण्णांच्या पाठीला तीनदा पाय लावला. त्यांचा पाय हलका होता हे आमचं नशीब. आमच्या भागात पाठ धरली की लहान पोराला पाठीवर उभं करतात, हाडवैद्याकडून कडाकडा मोडून घेतात, तेल लावून रगडून घेतात. मायलोमाचा मणका आतून पोखरलेला असतो, त्यावर एवढा भार पुरे होतो. रक्ताचा कॅन्सर असलेल्या माणसाची पाठ तुडवू नका, मोडून घेऊ नका, जोरात चोळू नका. मायेनं केलं तरी हाड मोडतं ते मोडतंच.

त्यानंतर पाच महिने एका दवाखान्यात डायक्लोफेनॅकच्या सुया चालल्या. प्रत्येक सुईनंतर दोन दिवस बरं वाटायचं. अखेर चालताना धाप लागायला लागली म्हणून रक्त तपासलं, तर हिमोग्लोबिन आठ आणि क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाचं काम सांगणारा आकडा, अडीचच्या घरात. मायलोमात मूत्रपिंडावर आधीच ताण असतो, तिथं या जातीची वेदनाशामकं म्हणजे डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, नेप्रोक्सेन जास्तच नुकसान करतात. मेडिकलमध्ये "पाठदुखीची गोळी द्या" म्हटलं की बहुधा हीच हातात पडतात. पॅरासिटामॉल बहुतेकांना चालतं. त्यानं भागत नसेल तर डॉक्टर ट्रॅमाडॉल किंवा मॉर्फिन देतात. मॉर्फिनचं नाव ऐकून घाबरायचं कारण नाही. ते देतात तेव्हा बद्धकोष्ठाचं औषध सोबत मागून घ्या.

हाडाचं दुखणं कसं असतं? उठताबसताना, कूस बदलताना, खोकताना कळ येते. एका ठरावीक जागी बोटानं दाबलं तर माणूस दचकतो. आडवं पडून राहिलं की मायलोमाची पाठदुखी पुष्कळदा कमी होते. अचानक "कट" असा आवाज होऊन कळ आली तर मणका चेपला असं समजूनच वागा. जांघेत दुखतंय, मांडी घालून बसता येत नाही, असं असेल आणि स्टेरॉइड झाले असतील, तर खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटलेला असू शकतो. ते सुरुवातीला साध्या एक्स-रेत दिसत नाही, एमआरआय लागतो. पांढऱ्या पेशी वाढवायच्या इंजेक्शननंतर कंबर आणि मांड्यांत ठणका लागतो, तो दोनचार दिवसांत ओसरतो.

आणि ज्यांच्या घरी अजून कॅन्सरचं नावही नाही त्यांच्यासाठी. पन्नाशी ओलांडलेल्या माणसाची पाठ किंवा बरगड्या दीड महिन्याहून जास्त दुखत असतील आणि हिमोग्लोबिन उतरलं असेल, तर डॉक्टरांना विचारा: सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), क्रिएटिनिन, कॅल्शियम आणि सीरम प्रोटीन इलेक्ट्रोफोरेसिस (मायलोमाचं प्रथिन शोधणारी रक्ततपासणी) करायचं का? आम्ही पाच महिने आधी विचारलं असतं तर अण्णांचं मूत्रपिंड इतकं दुखावलं नसतं.

तिसरं काम: योग्य तपासणी मागा आणि रिपोर्ट स्वतः वाचा

साध्या एक्स-रेत भोक दिसायला त्या जागचं हाड ३० टक्के किंवा त्याहून जास्त गेलेलं असावं लागतं. म्हणजे एक्स-रे स्वच्छ आला तरी दुखणं खरं असू शकतं. "बोन स्कॅन" नावाची तपासणी नवं हाड जिथं तयार होतं तिथं चमकते. मायलोमात नवं हाडच होत नाही, त्यामुळे ती फसवते. मायलोमासाठी कमी डोसचा पूर्ण शरीराचा सीटी, पेट-सीटी किंवा एमआरआय उपयोगाचा. यातलं कुठलं करायचं ते आजाराच्या टप्प्यावर ठरतं.

सीएलएल, लिम्फोमा किंवा सतत स्टेरॉइड असलेल्यांनी डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजणारी तपासणी, करून घ्यावी. त्यात टी-स्कोअर लिहिलेला असतो. उणे १ पर्यंत ठीक, उणे १ ते उणे २.५ म्हणजे हाड विरळ होत चाललंय, उणे २.५ किंवा त्याखाली ऑस्टिओपोरोसिस. मायलोमात नुसत्या डेक्सावर विसंबू नका. चेपलेला मणका दाट दिसतो आणि आकडा उगाच चांगला येतो.

रक्तातल्या कॅल्शियमचा आकडा वाचताना शेजारचा अल्ब्युमिन, म्हणजे रक्तातल्या एका प्रथिनाचा आकडा, बघा. मायलोमात अल्ब्युमिन बरेचदा कमी असतं आणि मग कॅल्शियमही खोटंच कमी दिसतं. हिशेब सोपा आहे: ४ मधून अल्ब्युमिन वजा करा, येईल त्याला ०.८ नं गुणा, आणि ते कॅल्शियममध्ये मिळवा. अण्णांचं एकदा कॅल्शियम १०.२ आलं होतं, कागदावर नॉर्मल. अल्ब्युमिन होतं २.५. म्हणजे १.५ गुणिले ०.८ बरोबर १.२, आणि खरं कॅल्शियम ११.४. मी डॉक्टरांना फोनवर दोन्ही आकडे सांगितले आणि त्यांनी त्याच दिवशी बोलावून सलाइन लावलं.

चौथं काम: हाडांची वही

शंभर पानी साधी वही घ्या. कॅन्सरच्या फाइलमध्ये घुसडू नका, वेगळीच ठेवा. पहिल्या पानावर आजाराचं नाव, चालू औषधं, आधीचे फ्रॅक्चर. पुढं तारखेनिशी कॅल्शियम, अल्ब्युमिन, क्रिएटिनिन आणि ड जीवनसत्त्व. हाडाच्या इंजेक्शनच्या तारखा. दातांच्या डॉक्टरांना दाखवल्याची तारीख. दुखण्याची जागा आणि दहापैकी किती. आणि दर तीन महिन्यांनी उंची, अनवाणी, टाचा भिंतीला लावून, सकाळच्याच वेळी. मोठ्या माणसाची उंची दोन सेंटिमीटरनं कमी झाली तर दुखत नसलं तरी मणक्याचा एक्स-रे सांगायचा. चेपलेले पुष्कळ मणके दुखत नाहीत, त्यामुळे वाट बघत बसलं तर कळतच नाही.

डॉक्टरांपुढं मिळतात पाच-सात मिनिटं. तेवढ्यात वही उघडून समोर ठेवली की हाडांचा विषय आपोआप निघतो.

पाचवं काम: हाडाच्या इंजेक्शनआधी दात

ज्यांना हाड मजबूत करायचं इंजेक्शन लागणार आहे त्यांनी ते सुरू होण्याआधी दातांच्या डॉक्टरांकडे जायचंच. मायलोमात झोलेड्रोनिक अ‍ॅसिड किंवा डेनोसुमॅब सुरू झाल्यावर दात काढला तर काही जणांची ती जखम भरत नाही, जबड्याचं हाड उघडं पडतं आणि महिनोन् महिने तसंच राहतं. वारंवारता कमी आहे, पण ज्याला होतं त्याला जेवणं मुश्कील होतं. म्हणून हलणारा, किडलेला, काढायलाच हवा असा दात आधीच काढून घ्या, आणि जखम पूर्ण भरेपर्यंत, साधारण चार ते सहा आठवडे, इंजेक्शन थांबवता येईल का ते विचारा. कॅल्शियम खूप वाढलेलं असेल तर डॉक्टर थांबणार नाहीत, तेव्हा त्यांचं ऐका. दातांच्या डॉक्टरांकडे जाताना ताजा सीबीसी न्या. प्लेटलेट आणि पांढऱ्या पेशी बघितल्याशिवाय त्यांना हात लावू देऊ नका.

आमच्याकडच्या बायकांशी एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी, ती म्हणजे मिश्री. माझी आईही लावायची. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच, त्यानं हिरड्या खराब होतात आणि तोंडातली जखम भरत नाही. "दात दुखतो म्हणून लावते" असं सांगतात, पण दात दुखतोय हेच दवाखान्यात जायचं कारण आहे. सुनेनं सांगून सासूबाई सोडत नाहीत. डॉक्टरांनी इंजेक्शनशी जोडून सांगितलं की सोडतात, असं मी दोन घरांत पाहिलंय. तेव्हा डॉक्टरांना आधीच सांगून ठेवा.

इंजेक्शन सुरू झाल्यावर मऊ ब्रश, जेवणानंतर कोमट पाण्यात मीठ घालून चूळ, आणि कवळी बोचत असेल तर घासून घेणं. दात दुखलाच तर काढण्याऐवजी रूट कॅनल होतंय का विचारा. हिरडीतून हाड दिसतंय, खालचा ओठ बधिर झालाय, असं काही वाटलं तर पुढची तारीख येईपर्यंत थांबू नका.

सहावं काम: इंजेक्शनचा दिवस

झोलेड्रोनिक अ‍ॅसिड ४ मिलिग्रॅम सलाइनमधून देतात, सुरुवातीला तीन-चार आठवड्यांनी एकदा. कमीत कमी १५ मिनिटं लागली पाहिजेत. घाईनं बाटली रिकामी केली तर मूत्रपिंडाला त्रास होतो, म्हणून घड्याळ बघत बसायला लाजू नका. प्रत्येक वेळी आधी क्रिएटिनिन हवं. मूत्रपिंड मंद असेल तर डोस कमी करतात, फार मंद असेल तर देत नाहीत. आदल्या दिवशी आणि त्या दिवशी पाणी भरपूर प्यायचं, हृदयासाठी पाण्याचं बंधन असेल तर विचारून.

पहिल्या इंजेक्शनच्या रात्री अण्णांना थंडी वाजून ताप आला, अंग मोडून निघालं, आणि आम्ही घाबरून गेलो. पहिल्या डोसला हे बऱ्याच जणांना होतं, दोन-तीन दिवसांत ओसरतं. पण केमो चालू असताना ताप १०० च्या वर गेला तर "इंजेक्शनचाच असेल" असं ठरवून बसू नका. पांढऱ्या पेशी कमी असताना जंतुसंसर्गाचा तापही असाच येतो. फोन करा.

डेनोसुमॅब १२० मिलिग्रॅम दर चार आठवड्यांनी कातडीखाली देतात. मूत्रपिंड कमजोर असलेल्यांना ते सोयीचं, पण त्यांच्यातच रक्तातलं कॅल्शियम एकदम उतरू शकतं. ओठांभोवती मुंग्या, बोटं आखडणं ही त्याची खूण. दुसरं म्हणजे हे इंजेक्शन मनानं बंद करायचं नाही. ते अचानक थांबवलं तर झीज उसळून येते आणि एकापाठोपाठ मणके चेपतात. ऑस्टिओपोरोसिससाठी हेच औषध ६० मिलिग्रॅम, सहा महिन्यांनी एकदा देतात. चिठ्ठीवर कुठलं आहे ते बघा. त्यातली तारीखही चुकवू नका.

ऑस्टिओपोरोसिसच्या रोज टोचायच्या टेरिपॅराटाइडबद्दल कुणी सुचवलं तर आपल्याला रक्ताचा कॅन्सर आहे हे आधी सांगा. मायलोमात ते देत नाहीत.

सातवं काम: ड जीवनसत्त्व, कॅल्शियम, ताट

ड जीवनसत्त्वाची पातळी २० नॅनोग्रॅमच्या खाली म्हणजे कमतरता, ३० च्या वर असलेलं बरं. रोज रानात राबणाऱ्या माणसाचंही कमी निघतं. ६०,००० युनिटची पुडी किंवा कॅप्सूल आठवड्यातून एकदा, आठ आठवडे, मग महिन्याला एक, असं साधारण देतात. आमच्या भावकीतल्या एका काकांनी "आठवड्याला" हे न वाचता रोज एक घेतली. तिसऱ्या आठवड्यात उलट्या, बद्धकोष्ठ, बडबड. कॅल्शियम प्रचंड वाढलं होतं. पाकिटावर वार लिहून ठेवा. आमच्याकडे गुरुवार ठरलाय.

कॅल्शियमची गरज दिवसाला १००० ते १२०० मिलिग्रॅम, आणि त्यात जेवणातलंही धरायचं. गोळी एका वेळी ५०० च्या वर नको, तेवढीच अंगी लागते. कार्बोनेटची असेल तर जेवणासोबत. लोहाची किंवा थायरॉइडची गोळी आणि ही यांत काही तासांचं अंतर. मायलोमात रक्तातलं कॅल्शियम वाढलेलं असताना ही गोळी घ्यायचीच नसते. म्हणून "हाडांना चांगली" म्हणून दुकानातून आणून देऊ नका.

ताटाचं फार अवघड नाही. १०० ग्रॅम नाचणीत साधारण साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, ग्लासभर दुधात त्याहून थोडं कमी, दोन चमचे तिळाच्या कुटात दीड-दोनशे. नाचणीची भाकरी, ताक, तिळाची चटणी, शेवग्याच्या पाल्याची भाजी. स्नायू टिकावेत म्हणून प्रथिनं हवीत: अंडी, डाळी, आमच्या कोरेगावचा वाघ्या घेवडा. मूत्रपिंड दुखावलेलं असेल तर डाळी-दुधाचं प्रमाण आहारतज्ज्ञांना विचारून. रोज कणभर चुना खा, हाडं लोखंडाची होतात, असा निरोप मोबाइलवर फिरतो. तो पाळू नका. त्यात माप नसतं आणि तोंड पोळतं. सांगलीची हळद भाजी-आमटीत खुशाल घाला, पण हळदीच्या अर्काच्या कॅप्सूल, ग्रीन टीचा अर्क, काढे हे डॉक्टरांना सांगितल्याशिवाय नकोत. ग्रीन टीचा अर्क मायलोमाच्या बोर्टेझोमिब या औषधाच्या आड येऊ शकतो, आणि प्लेटलेट कमी असताना किंवा सीएलएलचं इब्रुटिनिब हे औषध चालू असताना हळदीच्या कॅप्सूलनं रक्तस्राव वाढायची भीती असते.

आठवं काम: घर, वजन, चालणं

पडणं टाळलं की अर्धी लढाई झाली. बोर्टेझोमिब, थॅलिडोमाइड, व्हिनक्रिस्टिन या कॅन्सरच्या औषधांनी पायांना मुंग्या येतात, तळवे बधिर होतात. स्टेरॉइडनं मांड्यांचं बळ जातं. अण्णांची स्लीपर पायातून निसटायची आणि त्यांना कळायचंही नाही, दोन पावलं पुढं गेल्यावर मागं बघायचे. मागं पट्टा असलेली सँडल आणली आणि ते थांबलं. मोरीतली गुळगुळीत फरशी खडबडीत करून घेतली, भिंतीला पाइपचा दांडा बसवला, उकिडवं बसणं बंद करून कमोडची खुर्ची ठेवली. लोडशेडिंगसाठी उशाशी बॅटरी. उंबऱ्याला पांढरा पट्टा, अंधारात दिसावा म्हणून.

उठण्याची रीत शिकवावी लागते. सरळ उठून बसायचं नाही. आधी कुशीवर वळायचं, खांदा आणि कंबर एकत्र, मग पाय पलंगाखाली सोडायचे, आणि हातानं रेटा देत उठायचं. जमिनीवर झोपणं सोडा, मांडीएवढ्या उंचीचा पलंग हवा. वस्तू उचलताना कमरेत वाकून वळायचं नाही. अण्णांना फिजिओथेरपिस्टनी पाच किलोची मर्यादा घातली. त्यात भरलेला हंडा बसत नाही, नातू बसत नाही, आणि फवारणीचा पाठीवरचा पंप तर मुळीच नाही. सोळा लिटरचा पंप भरला की वीस किलोच्या आसपास जातो आणि सगळा भार मणक्यावर. अण्णांना सगळ्यात जड गेलं ते हेच. रान डोळ्यांपुढं आणि हात लावायचा नाही. आम्ही त्यांना बी-बियाणं आणि हिशेबाचं काम दिलं, ते रोज बांधावर खुर्ची टाकून बसतात.

बाई आजारी असेल तर जमिनीवर बसून भाकरी थापणं बंद, ओट्याशी उभं राहून. मोटारसायकलवर मागं बसून गतिरोधक आदळणं म्हणजे चेपलेल्या मणक्याला आमंत्रण. गाडी करा, नाहीतर एसटीत पुढची बाजू धरा, मागच्या चाकावरची सीट नको.

पण म्हणून पलंगाला खिळवू नका. पडून राहिलं की हाड आणखी झिजतं. डॉक्टरांनी परवानगी दिली की सकाळ-संध्याकाळ सपाट जागेवर चालणं, आणि हात न टेकता खुर्चीवरून उठणं-बसणं, पाच वेळांपासून सुरू करून दहापर्यंत. पाठीचा पट्टा दिला असेल तर सांगितलेल्या दिवसांपुरताच, कायमचा लावला तर स्नायू दुबळे होतात. मणक्यात आजार असेल तर सूर्यनमस्कार, पश्चिमोत्तानासन, हलासन, पोटासाठी वाकून उठणं हे सगळं वर्ज्य. मांडीच्या हाडात मोठं भोक असेल तर चालण्याआधीही अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा, कधी कधी मोडायच्या आधीच आत सळई घालतात. मणका फार दुखत असेल तर त्यात सिमेंट भरण्याचा किंवा रेडिएशनचा उपाय असतो, त्याबद्दल स्वतःहून विचारा.

अण्णांनी तीस वर्षं माऊलींच्या पालखीची लोणंदपासून फलटणपर्यंतची वाट चालली. आजारानंतर पहिल्या आषाढात त्यांनी विषय काढला तेव्हा आई रडायला लागली. डॉक्टरांना विचारलं. गर्दीत चालणं नाही, धक्काबुक्की नाही, रक्तपेशी बऱ्या असतील तरच, मास्क लावून. चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण होतं तिथं आम्ही पहाटेच गाडी लांब लावून कडेला खुर्ची टाकली. घोडा दौडत गेला तेव्हा अण्णा खुर्चीचे हात धरून, शिकवल्याप्रमाणे पाठ ताठ ठेवून उभे राहिले.

हे झालं तर त्याच दिवशी हॉस्पिटल

पाठदुखीसोबत पायातली ताकद जाणं, पाय जड पडणं, बसायची जागा बधिर होणं, लघवी अडणं किंवा कळत नसताना होणं: मणक्यातली मज्जारज्जू दाबली जात असू शकते. यात तासांचा फरक पडतो, उशीर झाला तर पाय परत येत नाहीत. एमआरआयची सोय असलेल्या मोठ्या हॉस्पिटललाच न्या, रस्त्यातल्या लहान दवाखान्यात वेळ घालवू नका. नेताना माणसाला काखेत धरून उचलू नका. फळी किंवा घट्ट घोंगडीवर सपाट, चौघांनी. १०८ ला फोन करून "मणक्याचा रुग्ण आहे" असं सांगा.

खूप तहान, सारखी लघवी, बद्धकोष्ठ, मळमळ, नंतर गुंगी किंवा असंबद्ध बोलणं हे कॅल्शियम वाढल्याचं. उन्हाळ्यात आमच्याकडे याला "ऊन लागलं" म्हणून कांद्याचा रस देतात. मायलोमाच्या माणसाला आधी रक्त तपासायचं.

पैसे आणि प्रवास

महात्मा फुले जनआरोग्य योजना आणि आयुष्मान भारत यांत कॅन्सरचे उपचार येतात. योजनेतल्या हॉस्पिटलमध्ये आरोग्यमित्राचं टेबल असतं. रेशनकार्ड आणि आधार घेऊन त्याला नेमकं विचारा: केमोसोबत हाडाचं इंजेक्शनही यात धरलंय का, कुठल्या पॅकेजमध्ये? विचारलं नाही तर बाहेरून विकत आणायची चिठ्ठी मिळू शकते. झोलेड्रोनिक अ‍ॅसिडची जेनेरिक बरीच स्वस्त मिळतात, डॉक्टरांना सांगून तीच मागा. मुंबईला जायचं तर रेल्वेत कॅन्सर रुग्णाला उपचारासाठी स्लीपर आणि थर्ड एसीचं भाडं पूर्ण माफ असतं, सोबतच्या माणसाला ७५ टक्के सवलत. त्याचा फॉर्म हॉस्पिटलकडून भरून घ्यावा लागतो. महालक्ष्मीनं रात्रीचा प्रवास असेल तर खालचा बर्थ मागा, शिडी चढणं नको.

साधारण दोन वर्षांनी, आजार आटोक्यात असेल तर, झोलेड्रोनिक अ‍ॅसिडचं इंजेक्शन थांबवायचं की तीन महिन्यांनी एकदा करायचं हा प्रश्न स्वतःहून काढा. वर्षानुवर्षं तसंच चालू राहिलं तर क्वचित मांडीच्या हाडाला मधोमध तडा जातो, त्याआधी मांडीत किंवा जांघेत मंद दुखत राहतं. आजार उलटला तर इंजेक्शन पुन्हा सुरू करतात. अण्णांचं आता बारा आठवड्यांनी एक असतं. पुढची तारीख वहीत लिहिलेली आहे, तिच्या आदल्या आठवड्यात क्रिएटिनिन आणि दातांची तपासणी. चौकटीवरची उजवीकडची रेघ गेली चार वर्षं एकाच जागी आहे.